तो हा : प्रत्यक्ष प्रयोग, प्रत्यभिज्ञा आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक

१

ज्या गाण्याचा स्वर न् स्वर पाठ आहे तेच गाणे ऐकण्यासाठी रसिक शेकडो मैलांचा प्रवास करतो, ऐपतीबाहेरचे तिकीट काढतो आणि हजारोंच्या गर्दीत तासन्‌तास उभा राहतो. ध्वनिमुद्रिकेवर हे गाणे त्याला अधिक स्वच्छ, अधिक निर्दोष आणि जवळजवळ फुकट ऐकावयास मिळते. मैदानात शब्द वाऱ्यावर विरतात, गायकाचा आवाज मधूनच फाटतो आणि खुद्द गायक दूरच्या रंगमंचावर बोटाच्या पेराएवढा दिसतो. तरीही परतल्यावर हा रसिक 'बँड ऐकला' असे म्हणत नाही. 'बँड पाहिला' असे म्हणतो. ध्वनिमुद्रिका ऐकावयाची आणि बँड पाहावयाचा, हा भेद बोलण्यात सहज पडलेला असला तरी निरर्थक नाही. संगीतासारख्या श्राव्य कलेच्या आस्वादात दर्शनाचा हा आग्रह कोठून येतो, हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न आहे. त्याची बोळवण 'गर्दीचे मानसशास्त्र' या सदरात करून चालणार नाही.

मराठी समीक्षेने रॉकसंगीताचा विचार क्वचितच केला आहे, आणि त्याची कारणे उघड आहेत. आपली समीक्षा प्रामुख्याने संहिताकेंद्री राहिली. नाटकाचाही विचार तिने बहुधा छापील पानावरून केला. संगीताचा केला तेव्हा रागसंगीत आणि नाट्यसंगीत यांच्यापलीकडे ती फारशी गेली नाही. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, कला इत्यादी कोटींबरोबर 'जनसंगीत' या कोटीला स्वतंत्र स्थान दिले आणि अशा विचाराची वाट मोकळी केली. तथापि आवडत्या जनकलावंताला प्रत्यक्ष पाहण्याचा अनुभव नेमका कशाचा बनलेला असतो, हा प्रश्न त्यानंतरही बव्हंशी अनुत्तरितच राहिला.

या प्रश्नाची तपासणी मुंबईच्या मैदानावरून करण्याऐवजी भंडारा जिल्ह्यातील साकोलीहून करणे अधिक फलदायी ठरेल. २०२५ च्या जानेवारीत 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम नवी मुंबईत १८, १९ व २१ तारखांना आणि अहमदाबादेत २५ व २६ तारखांना झाले. त्यांपैकी २६ जानेवारीचा कार्यक्रम आंतरजालावरून देशभर थेट प्रक्षेपित झाला. नवी मुंबईचे मैदान साकोलीहून आठशेहून अधिक किलोमीटरांवर. पण प्रक्षेपण खिशातल्या फोनवर. त्याच जानेवारीत साकोलीच्या पंचक्रोशीत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम ऐन भरात होता. म्हणजे एकाच महिन्यात एकाच प्रेक्षकाला दोन प्रकारचे 'प्रत्यक्ष' उपलब्ध होते : एक काचेवरचे, जगभर ख्यात असलेल्या बँडचे, दुसरे शेतातल्या मांडवातले, चार जिल्ह्यांपुरती कीर्ती असलेल्या नटाचे. या दोहोंची तुलना केल्याखेरीज 'प्रत्यक्ष' या शब्दाचा अर्थ स्पष्ट होणार नाही.

२

प्रथम रॉकसंगीताचा विचार करू. 'लाइव्ह' हा शब्द या अर्थाने फार जुना नाही. ध्वनिमुद्रण व नभोवाणी यांच्या प्रसारानंतर, १९३० च्या दशकात तो रूढ झाला. जोवर सर्वच गाणे प्रत्यक्ष होते तोवर त्याला प्रत्यक्ष म्हणण्याची गरजच नव्हती. फिलिप ऑसलँडर यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइव्हनेस' या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे : प्रत्यक्ष प्रयोग आधी आणि मुद्रण नंतर असा क्रम इतिहासात दिसत असला तरी प्रत्यक्षतेची संकल्पना मात्र मुद्रणाने जन्माला घातली.

रॉकसंगीताच्या बाबतीत हा क्रम अधिकच उलटा होतो. थिओडोर ग्रेसिक यांनी १९९६ मध्ये असे प्रतिपादन केले की रॉकमधील मूळ कलाकृती म्हणजे गीताची संहिता नव्हे, मैफलही नव्हे, तर ध्वनिमुद्रिका होय. ही भूमिका स्वीकारली तर वॉल्टर बेन्यामिन यांच्या १९३६ च्या प्रसिद्ध निबंधातील मांडणी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे मूळ कृतीभोवतीचे तेजोवलय लोपते, असे बेन्यामिन म्हणतात. येथे मूळ कृतीच यंत्रातून जन्मते आणि तेजोवलय मात्र माणसाभोवती जमते. ध्वनिमुद्रिका लाखो घरांत पोहोचते म्हणूनच तो गायक कोठेतरी सदेह आहे, ही जाणीव तीव्र होते.

बीटल्सचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक श्रोते जमले होते. त्यांच्या किंकाळ्यांत संगीत बुडून गेले; वादकांना स्वतःची वाद्ये धड ऐकू येत नव्हती. केवळ श्रवणाच्या निकषावर हा कार्यक्रम अयशस्वी म्हणावा लागेल. परंतु उपस्थितांपैकी कोणी तो तसा मानला नाही. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी तिकीट लावून केलेला अखेरचा कार्यक्रम झाला आणि नंतर ते मुद्रणकक्षात शिरले. १९६७ चा 'सार्जंट पेपर' हा संग्रह त्या निवृत्तीचे फळ होय. ऐकण्याची कला आणि पाहण्याचा सोहळा यांची येथे उघड फारकत झाली. जी कृती ऐकावयाची ती कक्षात घडली, आणि जे पाहावयाचे होते ते संगीताहून वेगळे काही होते, हे सिद्ध झाले.

मराठी रसिकाला हे सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमान'च्या प्रयोगाची स्मृती आपल्या नाट्येतिहासाने जपली आहे. त्या रात्री प्रेक्षकांना नाटक नवे नव्हते, पदे नवी नव्हती आणि बालगंधर्व व केशवराव भोसले हे दोन्ही नटही नवे नव्हते. सर्व काही ज्ञातच होते. नवे होते ते दोघांचे एकाच मंचावर एकाच वेळी असणे. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगाला लोटलेली गर्दी संहितेच्या ओढीने आलेली नव्हती. ज्ञाताच्या पुनर्भेटीचे आकर्षण मराठी रंगभूमीच्या केंद्रस्थानी फार पूर्वीपासून आहे. 'वन्समोअर'ची प्रथा हा त्याचाच पुरावा.

३

परंतु ज्ञाताची पुनर्भेट ही कलानुभवाच्या दृष्टीने हीन गोष्ट नव्हे काय? थिओडोर अडोर्नो यांचा आक्षेप नेमका हाच आहे. १९४१ च्या 'ऑन पॉप्युलर म्युझिक' या निबंधात त्यांनी जनसंगीताच्या श्रोत्याचे विश्लेषण 'ओळखणे' या क्रियेभोवती केले. गंभीर संगीतात ओळख हे साधन असते. परिचित स्वराकृतीच्या आधारे श्रोता अपरिचिताकडे जातो. जनसंगीतात ओळख हेच साध्य बनते. श्रोता गाणे ओळखतो, ओळखल्याचा आनंद मानतो आणि तो आनंद गाण्याच्या गुणवत्तेचाच आहे असे समजतो. साचेबंद निर्मिती आणि साचेबंद श्रवण एकमेकांना पोसतात. मैदानात पहिल्या दोन स्वरांवर उठणारा जल्लोष पाहिला म्हणजे अडोर्नोंचे म्हणणे नाकारणे कठीण जाते.

तथापि या विवेचनात एक गृहीतक दडलेले आहे. ओळखण्याची क्रिया एकच असते, ती आपोआप घडते आणि ती ओळखणाऱ्याला आहे तसाच ठेवते, असे ते गृहीतक होय. काश्मीरच्या शैव दार्शनिकांनी 'प्रत्यभिज्ञा' या संकल्पनेचा जो विचार केला, तो येथे उपयोगी पडतो. पूर्वी अनुभवलेले आणि आता समोर असलेले यांचे 'तो हा' अशा रूपात एकत्र येणे म्हणजे प्रत्यभिज्ञा. ती निव्वळ स्मृती नव्हे, कारण विषय समोर असतो. निव्वळ प्रत्यक्षही नव्हे, कारण पूर्वज्ञान त्यात मिसळलेले असते. दहाव्या शतकातील उत्पलदेवांनी 'ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिके'च्या अखेरीस एक दृष्टांत दिला आहे. गुणश्रवणानेच एका पुरुषावर अनुरक्त झालेली नायिका नाना विनवण्यांनी त्याला आपल्याजवळ आणते. तो समोर येऊन उभा राहतो; पण ओळख पटलेली नसल्याने तो तिला चारचौघांसारखाच भासतो आणि त्याच्या सान्निध्याचा आनंद तिला मिळत नाही. ओळख पटताक्षणी तीच भेट पूर्ण होते.

हा दृष्टांत अध्यात्मासाठी योजलेला आहे, हे खरे. परंतु त्याची रचना आवडत्या बँडच्या श्रोत्याला विलक्षण चपखल बसते. या श्रोत्याचे प्रेमही गुणश्रवणातून उपजलेले असते, आणि तेही अक्षरशः श्रवणातून. कॅसेट, तबकडी, फोन यांच्याद्वारे वर्षानुवर्षे ऐकलेला आवाज आणि आज समोर उभा असलेला, घामेजलेला, थकत चाललेला माणूस यांची 'तो हा' अशी जुळणी घडणे हा त्याच्या अनुभवाचा गाभा होय. म्हणूनच तो 'पाहिले' असे म्हणतो. उत्पलदेवांच्या दृष्टांतातून दुसरीही गोष्ट निष्पन्न होते : सान्निध्य पुरेसे नाही. प्रियकर समोर असूनही भेट न घडणे शक्य आहे. प्रत्यक्षतेतच सारे सामर्थ्य आहे असे मानणाऱ्या सिद्धांतांना हे उत्तर आहे.

ओळख आपोआप घडत नाही, ती फसूही शकते, याचा रॉकसंगीतातील सर्वांत बोलका पुरावा बॉब डिलन यांच्या १९६६ च्या इंग्लंडमधील दौऱ्यात मिळतो. १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये पूर्वार्धात ते एकटेच साधी गिटार घेऊन गायिले. उत्तरार्धात विद्युत् वाद्यांचा संच घेऊन आले. लोकगीतांच्या परंपरेतील डिलन ज्यांनी मनात जपला होता त्यांना समोरचा माणूस 'तो' वाटेना. प्रेक्षकांतून एकाने त्यांना 'ज्यूडास' म्हणून हाक मारली. आपला विश्वास बसत नाही, असे उत्तर देऊन डिलन यांनी साथीदारांना अधिक मोठ्याने वाजवण्यास सांगितले. येथे ओळख नाकारण्याचा अधिकार प्रेक्षक बजावतो आणि ओळख बदलण्याचा अधिकार कलावंत. अडोर्नोंच्या विश्लेषणात या संघर्षाला जागा नाही. साच्याने बांधलेली ओळख अशी भांडत नाही. योगायोग असा की या कार्यक्रमाचे चोरटे मुद्रण अनेक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने फिरत राहिले. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले तेव्हाही ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत ठेवण्यात आले. ज्या रात्री कलावंताची ओळख पटली नाही, त्या रात्रीचीच ओळख पुढे हरवली.

४

आता साकोलीकडे वळू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. साकोली हे या प्रदेशाच्या सांस्कृतिक आत्मभानाचे एक महत्त्वाचे ठाणे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी येथे राहून झाडीबोलीचा व दंडारीचा अभ्यास केला आणि या बोलीच्या साहित्यचळवळीला बळ दिले. दंडार, खडी गंमत यांसारख्या जुन्या प्रयोगरूपांच्या भूमीवर पुढे झाडीपट्टीचे नाटक वाढले. आरंभी गावातली हौशी माणसे नाटक बसवीत. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचे केंद्र बनले. साकोलीजवळचे सौंदड स्थानक आणि वडसा ही दोन्ही गोंदिया-बल्लारशा या एकाच लोहमार्गावर येतात.

धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत हा हंगाम चालतो. प्रयोगाचा यजमान नाट्यगृहाचा मालक नसून गावातले मंडळ असते. ते कंपनी ठरवते, तारीख घेते, मांडव घालते, तिकिटे विकते. अनेकदा नाटकाची तारीख गावच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडलेली असते. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या बंदीचा परिणाम केवळ शर्यतींवर झाला नाही, तर नाटकाच्या मोसमाची वीणही त्याने उसवली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला शर्यतींची अनुमती मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरवले. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. गाणी साथीदारांच्या वाद्यांवर जागेवरच म्हटली जातात आणि पार्श्वभागी प्रॉम्प्टर संवाद पुरवीत असतो.

या रंगभूमीविषयी नागर समीक्षेचा अभिप्राय ठरलेला आहे : कथानक भडक, विनोद ठोकळेबाज, अश्रू फार. संहितेपुरते पाहिले तर तो सर्वथा खोटाही नाही. परंतु झाडीपट्टीचा प्रेक्षक संहितेसाठी येतो असे मानणे हीच मूळ चूक होय. कंपनी कोणती आणि कोणकोण नट आहेत, हे तो आधी विचारतो. मागच्या हंगामात रडवून गेलेली नटी, हसवून गेलेला विनोदी नट यंदा पुन्हा पाहावयाचा असतो. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला हे नाव नवे होते. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाची त्यांच्याशी ओळख जुनी होती. दोन प्रेक्षकसमूहांच्या ज्ञानातील ही तफावत हाच एक समीक्षाविषय आहे.

रॉकच्या श्रोत्याशी या प्रेक्षकाचे साम्य आता स्पष्ट व्हावे. दोघेही ज्ञाताच्या भेटीस येतात. भेद असा की रॉकच्या श्रोत्याचे पूर्वज्ञान यंत्रातून आलेले असते, तर झाडीपट्टीच्या प्रेक्षकाचे मागच्या प्रयोगातून. एक जण ध्वनिमुद्रिकेची तुलना माणसाशी करतो. दुसरा गतवर्षीच्या माणसाची तुलना यंदाच्या माणसाशी करतो. पहिल्याच्या बाबतीत 'तो' स्थिर आणि 'हा' बदलता असतो. दुसऱ्याच्या बाबतीत दोन्ही बदलते. नटाचे वय वाढते तसे प्रेक्षकाचेही. म्हणून झाडीपट्टीत 'थकला आता' हा अभिप्राय टीका नसतो. एकत्र घालवलेल्या काळाचा तो हिशेब असतो. अलीकडे या नाटकांची चित्रणे यूट्यूबवर येऊ लागली आहेत, आणि हा भेदही पुसट होण्याची शक्यता निर्माण झाली आहे. उद्याचा प्रेक्षक आधी फोनवर पाहून मग मांडवात येईल, आणि तेव्हा 'लाइव्ह' हा शब्द झाडीपट्टीलाही लागू पडेल.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. मैदानातल्या बँडला श्रोता ओळखतो. बँडला श्रोता ओळखू येत नाही. ही ओळख एकमार्गी असते. तिची उणीव भरून काढण्याचे प्रयत्न होतात : गायक स्थानिक भाषेत दोन शब्द बोलतो, कॅमेरा गर्दीतला एखादा चेहरा मोठ्या पडद्यावर दाखवतो. निमिषभर ओळख उलटी वाहते. पण ती निवडक असते. झाडीपट्टीत मात्र प्रेक्षक हाच यजमान असल्यामुळे ओळखीला दोन्ही दिशा असतात. गाव कंपनीला ओळखते तसेच कंपनीही गावाला ओळखते. कोणत्या गावात कोणत्या जागी हशा येतो, कोठे पद लांबवावे लागते, कोणते मंडळ पैशाला चोख आहे, हे सारे ज्ञान प्रयोगात उतरते. ज्या देशात मूळ बँड येणे दुरापास्त होते तेथे रॉकसंगीतानेही अशीच परस्पर ओळख घडवली होती. मुंबईत १९८६ पासून भरणाऱ्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवात स्थानिक बँड परदेशी गीते वाजवीत, तेव्हा श्रोता गीत ओळखे आणि वादक श्रोत्याला. गीत परक्याचे असले तरी वादक आणि श्रोता एकाच शहरातले होते.

५

ही परस्पर ओळख एकेकट्याची नसते, हा पुढचा मुद्दा. आवडता कलावंत एकट्यासाठी गाऊ लागला तर तो अनुभव निराळा होईल, कदाचित अवघडच होईल. अभिनवगुप्तांनी नाट्यानुभवाच्या संदर्भात म्हटले आहे की सर्व सामाजिकांची प्रतीती 'एकघन' झाल्याने रसाचा परिपोष होतो. आपल्याकडे साधारणीकरणाची चर्चा बहुधा एका सहृदयाला नजरेसमोर ठेवून झाली. सभेचे महत्त्व सांगणारा हा भाग त्या मानाने मागे पडला. शे स्टेडियममधील श्रोत्यांना संगीत ऐकू आले नाही आणि तरी काही घडले, ते काय याचा उलगडा या 'एकघन' प्रतीतीच्या आधारे होऊ शकतो.

भरताने याआधीच प्रेक्षकाच्या प्रतिसादाला सिद्धीचे स्थान दिले होते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात मानुषी आणि दैवी अशा दोन सिद्धी सांगितल्या आहेत. स्मित, हास्य, वाहवा, वाढत जाणारा गलबला, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्र किंवा अलंकार फेकणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे. रंगस्थान पूर्ण भरलेले असताना जेथे ना शब्द ना क्षोभ, ती दैवी सिद्धी. रॉकच्या मैदानात मानुषी सिद्धीची सर्व लक्षणे भरतमुनींच्या यादीबरहुकूम आढळतात. लोकरंगभूमीवरील बक्षीस देण्याची आणि त्याची मंचावरून जाहीर वाच्यता करण्याची चालही याच यादीतली. ज्या प्रतिसादाला आपण अडाणी किंवा पाश्चात्त्य म्हणून हिणवतो तो शास्त्राने प्रयोगाच्या यशाचे प्रमाण मानला आहे, याची नोंद घेणे अगत्याचे आहे. आणि पहाटे तीनला, थंडीत घोंगडी पांघरून बसलेला मांडव एखाद्या पदावर निःशब्द होतो तेव्हा दैवी सिद्धी ही केवळ ग्रंथातली कोटी राहत नाही.

येथे थेट प्रक्षेपणाची मर्यादा कळून येते. २६ जानेवारी २०२५ चा कार्यक्रम फोनवर पाहणाऱ्याला काळाचे सान्निध्य मिळाले, कलावंताचा चेहरा मैदानातल्या प्रेक्षकाहून अधिक जवळून मिळाला, ध्वनीही स्वच्छ मिळाला. 'तो हा' या जुळणीची सर्व सामग्री हाती होती. नव्हती ती सभा. आपण ओळखत आहोत हे ओळखणारा दुसरा कोणी शेजारी नव्हता. प्रक्षेपणाला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये या दौऱ्याची तिकिटे विक्रीस आली तेव्हा ती अनेक पटींनी पुन्हा विकली जात असल्याच्या तक्रारी झाल्या. ज्याला मैदानाचे दार बंद होते त्याला काचेचे दार उघडे राहिले, ही गोष्ट लहान नाही. परंतु ते दार सभेत उघडत नाही, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

त्याचबरोबर सभेचे गौरवीकरणही टाळावयास हवे. अभिनवगुप्तांची एकघनता प्रेक्षकाच्या व्यक्तिगततेचा विलय गृहीत धरते. प्रत्यक्षातली सभा अशी निर्वैयक्तिक नसते. मैदानात रंगमंचालगतची जागा आणि शेवटची पायरी यांच्या किमती वेगळ्या असतात. मांडवातही खुर्ची आणि जमीन यांत अंतर असते, आणि त्या अंतरात गावाची उतरंड बऱ्याचदा मुकाट्याने बसलेली असते. स्त्रीकलावंताच्या वाट्याला येणारी ओळख तर दुभंगलेलीच. रात्री जिच्या पदाला वन्समोअर मिळतो तिला दिवसा त्याच गावात तितकाच मान मिळतो असे नाही. तिला 'ती ही' म्हणून ओळखणारी नजर कलावंताला ओळखते की केवळ देहाला, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगात उभा असतो. नाटकाशी स्पर्धा करू लागलेल्या निव्वळ नृत्याच्या कार्यक्रमांनी तो अधिक तीव्र केला आहे. प्रत्यभिज्ञा फसते ती केवळ मँचेस्टरला नव्हे. अपुऱ्या ओळखीवर समाधान मानणारी सभा एकघन असूनही आंधळी असू शकते.

६

या विवेचनातून मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले. आवडत्या कलावंताचे प्रत्यक्ष दर्शन हा अनुभव एका ध्रुवावर बसवता येत नाही. ओळखीसाठी लौकिक आयुष्यातले सातत्य लागते : वर्षानुवर्षांचे ऐकणे, हंगामामागून हंगाम पाहणे. पण ओळख पटण्याचा क्षण त्या सातत्यातून प्रेक्षकाला वर उचलतो. ज्याने तरुणपणी ऐकलेला आवाज चाळिशीत प्रत्यक्ष ऐकला त्याला गायकाबरोबर स्वतःचीही ओळख पटते. 'तो हा' या वाक्याच्या पोटात 'तो मी' हे वाक्य असते. अडोर्नोंनी वर्णिलेली साचेबंद ओळख येथवर पोहोचत नाही. ती गाण्याचे नाव ओळखून थांबते. म्हणून प्रश्न ओळख आहे की नाही हा नसून ती कोठवर जाते हा आहे : नावापर्यंत, माणसापर्यंत की ओळखणाऱ्यापर्यंत, आणि ती एकमार्गी आहे की परस्पर.

हा निकष लावला तर रॉक मैफलींचे सरसकट कौतुक किंवा सरसकट धिक्कार, दोन्ही अशक्य होतात. झाडीपट्टीच्या नाटकाकडे 'लोककला' म्हणून दयाबुद्धीने पाहणेही अशक्य होते. ज्या प्रयोगव्यवस्थेत प्रेक्षक यजमान आहे, नट-प्रेक्षकांची ओळख दोन्ही बाजूंनी जिवंत आहे आणि ती दरवर्षी नव्याने तपासली जाते, ती व्यवस्था प्रत्यक्षतेच्या कसोटीवर भव्य पडद्यांच्या मैदानाहून पुढे गेलेली आहे. तिच्या संहितेचे दोष त्यामुळे झाकले जात नाहीत. उलट एवढी समर्थ सभा लाभलेली असताना संहिता इतकी दुबळी का, हा प्रश्न अधिक धारदार होतो, आणि तो विचारण्याचा अधिकार त्या सभेची शक्ती ओळखणाऱ्या समीक्षेलाच पोहोचतो.

उत्पलदेवांच्या दृष्टांतातील नायिकेला समोरचा पुरुष ओळखू येतो तो कशाने, याचे उत्तर टीकाकार देतात : एखाद्या दूतीच्या बोलण्याने किंवा त्याची लक्षणे ध्यानात येण्याने. दूती प्रियकर निर्माण करीत नाही आणि भेटही घडवून आणीत नाही. तो तर आधीच समोर उभा असतो. हाच तो, एवढे ती सांगते. साकोलीच्या परिसरातील मांडव दरवर्षी भरतो आणि पहाटे रिकामा होतो. त्यात काय घडले हे प्रेक्षकाला ठाऊक असते. ते सांगण्यासाठी लागणारी परिभाषा मात्र मराठी समीक्षेने अद्याप त्याच्या हाती दिलेली नाही.